बांगड्याची फळं

आमच्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर
या आंबट, हिरव्या, केसाळ फळांना
बांगड्याचीच फळं म्हणतात.
नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही,
पण ज्यानं ठेवलं तो नुकता जेवून उठला असणार.

जूनचे पहिले बांगडे फिर्मां आणून देतो,
उंबऱ्याला पाय न लावता, खिडकीतून,
वर्तमानपत्रात गुंडाळून. सहा. कधी आठ.
पाठीवरच्या निळ्याकाळ्या रेघा अजून ओल्या,
डोळे असे की हाक मारली तर ओ देतील.
बांगडा कुणासाठी थांबत नाही.
दुपार कलली की त्याचं तेल उलटतं,
मग त्यात काहीही घाला, मांजरही वास घेऊन निघून जातं.

पोट फाडते, नळाखाली धरते,
पाठीवर तीन तीन चिरा देते.
बोटांना लागलेलं तेल चार दिवस निघत नाही;
रविवारी चर्चमध्ये शेजारीण जरा सरकून बसते.

तव्यात लोणी. लोण्यात बारीक कांदा.
माळ्यावरचं एक सुरकुतलेलं सफरचंद,
हिवाळाभर गवतात झोपलेलं,
सालीसकट.
आणि मग बाटली.

बाटली थोरल्याची, आन्सेल्मची.
त्याच्या बागेतली सफरचंदं तोंडात घालवत नाहीत,
इतकी तुरट की डुकरंही मान फिरवतात,
पण पिंपात गेली की शहाणी होतात.
बूच काढते, फेस मनगटापर्यंत येतो,
ओतते,
आणि तवा एकदम बोलायला लागतो.

आमच्या घरात तेवढंच बोलणं.

सात झाडं होती, विहिरीपलीकडची.
बापानं विकली आणि होडीला इंजिन आलं.
धाकट्याला समुद्र, थोरल्याला उरलेली बाग,
आणि दोघांनाही वाटलं, आपल्याला लुबाडलं.
एकोणीस वर्षं.
एक डबा बंदरावर पाठवायची, एक बागेत,
त्याच तव्यातले, तेवढेच गरम.
एकाचा मासा, दुसऱ्याचं सायडर.
आत काय काय आहे, कधी कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर डबा परत पाठवावा लागला असता.

फळं शेवटी घालायची.
हे मला कुणी शिकवलं नाही, दोनदा लगदा झाल्यावर शिकले.
देठ खुडून, मूठभर, आच मंदावल्यावर.
साल तडकते, आतला आंबट रस
माशाच्या तेलात उतरतो, तेलाचा माज उतरवतो.
चिमूटभर साखर घालायची की नाही
यावर गावात दोन पक्ष आहेत.
मी घालते, आणि कुणाला सांगत नाही.

फेब्रुवारीत आन्सेल्म गेला.
दफनभूमीच्या फाटकाबाहेर फिर्मां उभा होता,
टोपी हातात, पाठ आमच्याकडे,
भरती बघत असल्यासारखा.
भरती तर केव्हाच ओसरली होती.

आज बांगडे घेऊन आला तो खिडकीशी थांबला नाही.
दारातून आला. बूट बाहेर काढले.
एका मोज्यातून अंगठा दिसत होता.
तवा चढेपर्यंत तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला,
नाव नसलेल्या तारखासुद्धा.
मी तवा तसाच टेबलावर आणून ठेवला.
काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावत जेवला, सावकाश,
पावानं ताट पुसलं,
मग बोटं चाटली, लहानपणी मार खायचा तशी,
आणि म्हणाला,
"यंदाचं जरा आंबट आहे."

"मागच्या शरदातलं आहे," मी म्हटलं.
"यंदा कोण गाळणार?"

त्यानं बाटली उचलली, उजेडात धरली.
तळाशी दोन बोटं गढूळ उरलं होतं.
ते त्यानं पेल्यात ओतलं नाही, बूच लावून ठेवलं.
"तळघरात अजून किती आहेत?"

"अकरा," मी म्हटलं.

चार होत्या.
सकाळीच मोजल्या होत्या.