मायक्रोपोर

साडेचार हजारांचा हेडफोन.
चार स्क्रू निघाले, पाचवा झिजलेला.
तो तपकीर गल्लीत नौशाद अत्तारांनी काढून दिला,
पैसे घेतले नाहीत. म्हणाले,
"आता बिघडवा निवांत."

आत पडदा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
त्यावर धातूची नागमोडी वाट,
दोन्ही अंगांना चुंबकांचे गज.
स्क्रूड्रायव्हर हातातून ओढून घेतात मेले.

कंपनीचा स्पंज उपटला,
आवाज पत्र्यासारखा.
फेल्टची चकती बसवली,
आवाज घोंगडीत शिरला.
रात्रीचा दीड. धायरीत कुत्रीसुद्धा गप्प.

मग औषधांच्या डब्यात सापडली
ती कागदी चिकटपट्टी,
अण्णांच्या सलाईनची, अर्धी उरलेली.
मागच्या जाळीवर दोन थर.
तिसरा लावून काढला.

लावली तीच जुनी कॅसेट, कॉम्प्युटरवर उतरवलेली:
कुमुदमावशीचा मारवा,
गोखलेनगरच्या खोलीतला.
तानपुऱ्याच्या तारा सुट्या झाल्या,
मोजता येतील इतक्या.
आणि समेच्या जरा अलीकडे
कुणीतरी कप बशीत ठेवला.

इतकी वर्षं मी त्याला
टेपची खरखर समजत होतो.

अण्णा गाण्यात चहा प्यायचे,
अजिबात आवाज न करता,
असं त्यांना वाटायचं.