बुडायला शिकवताना

कन्हानचा पूर ओसरला की पंधरा-वीस दिवसांनी
पुलाच्या खालच्या अंगाला वाळूत लाकडं सापडतात,
आडवीतिडवी, कुणाचीच नसलेली.
मी खिशात खिळा घेऊन जातो.
टोचून बघायचं. आत गेला की ते सोडून द्यायचं.
पांगारा, सावर, ही मऊ मनाची झाडं,
काचेच्या टाकीत महिन्या-दोन महिन्यांत त्यांचं पीठ होतं.
मग वास. डिझेलचा आला तर वाळूला परत.
आणि साल हिरवी असेल तर हातच लावू नये,
त्याचं मरण अजून पुरं व्हायचंय.

यंदाचं, बाभळीचं मूळ असावं.
असावं म्हणतो, कारण नदीनं नावापुरतीही साल ठेवली नव्हती.
पाच बोटं. त्यातलं एक मुडपलेलं,
काहीतरी आठवताना मोजायचं राहून गेल्यासारखं.

जाळं उसवत बसलेला सुकरू बावणे म्हणाला,
"जाळाले नेता का जी?"
"नाही. बुडवायला."
त्यानं लाकडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"एवढ्या पुरातून तरून आलं थे,
अन् तुम्ही त्याले बुडवता?"
स्कूटरला दोरी आवळताना
मला गाठ सुचली, उत्तर सुचलं नाही.

घरातल्या कुठल्याच भांड्यात ते मावेना.
बिछायत केंद्रातून मोठा गंज आणला भाड्यानं.
पोरानं पावती फाडत विचारलं, "कार्यक्रम कशाचा?"
म्हटलं, घरगुती आहे.

अंगणात तीन विटा, वर गंज.
दर तासाला मूळ उलटं करायचं,
कारण उकळतानाही अर्धं बाहेरच राहायचं.
पाणी आधी पिवळं, मग चहा, मग काढा.
शकुन म्हणाली, कुणी नकोसं आलं तर
याच्यातलंच कपभर देते.
तसं काही केलं नाही तिनं.
गार करून कढीपत्त्याला घातलं.

पुढे कूलरची टाकी. दिवाळीनंतर ती रिकामीच असते.
रोज पाणी बदल, रोज वरून शहाबादी फरशी ठेव,
रोज सकाळी फरशी खाली आणि लाकूड वर.
अधिवेशन आलं, लाल दिव्यांच्या गाड्या आल्या, गेल्या,
हे तरंगतच.
खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटायला लागला होता.

जानेवारीत एका पहाटे फरशी उचलली
आणि वर काहीच आलं नाही.
टाकीत हात घातला. थंडीनं कोपरापर्यंत कळ आली.
ते तळाशी होतं,
आत इतकं पाणी घेऊन की पाण्याहून वेगळं वाटू नये.

मग मुडपलेल्या बोटावर मॉस बांधलं,
शकुनच्या डब्यातल्या हिरव्या दोऱ्यानं.
आठवड्यात लाकडावर पांढरा, बुळबुळीत कापूस चढला.
घाबरायचं नसतं. गोगलगायी चाटून नेतात.

मार्चमध्ये सुकरू आला, मासे घेऊन गावात आला होता,
टोपली बाहेर ठेवून टाकीसमोर उकिडवा बसला.
बराच वेळ. ओळखलं त्यानं.
बोटाखाली एक कोळंबी पाय घासत होती.
"अन् इथं पूर कोनीकडून येते?"

मी फिल्टरची नळी दाखवली.
त्यानं झाकणाच्या फटीतून बोट घातलं,
धारेखाली धरलं,
आणि हसून म्हणाला,
"हाये. जराकसा हाये."