आर आणि एन

बेल्जियमहून यायचे होते रॅपिअर मागांचे सुटे भाग.
आधी मेल आला: आमची बँक बदलली आहे,
रक्कम कृपया नव्या खात्यावर.
कृपया वगैरे सगळं होतं. सही होती, लोगो होता,
फक्त पत्त्यात एमच्या जागी
आर आणि एन, इतके खेटून उभे
की चष्म्यातूनही एमच दिसावा.
अकरा लाख चाळीस हजार.
पाठवले मीच, वरलक्ष्मी इराबत्ती,
अकाउंट्स, अक्कलकोट रोड, सतरा वर्षं नोकरी.

सायबर ठाण्यातल्या पोराने विचारलं,
"मॅडम, फोन करून खात्री नाही केली?"
मे महिना. पंखा गरम हवा ढवळत होता.
मी म्हटलं, नाही.
त्याने ते नाही टाइप केलं, दोन बोटांनी.

गड्डमशेठ ओरडले नाहीत.
ओरडले असते तर मी घरी जाऊन जेवले असते.
"तार तुटली की माग थांबवायचा, गाठ मारायची," म्हणाले,
आणि उरलेला दिवस दार लावून बसले.

दिवाळीच्या बोनसमधून मी कुलपं विकत घेतली.
म्हणजे कुलपं करणाऱ्या कंपन्या,
संगणकाची, न दिसणारी कुलपं;
म्हणजे प्रत्येकीचा नखाएवढा तुकडा,
सगळे मिळून एक गठ्ठा, शेअरसारखा विकतात,
ईटीएफ म्हणतात.
हैदराबादहून साईकिरण समजावत होता:
"पिन्नी, एकीचं दिवाळं निघालं तरी बाकीच्या तीस आहेत."
मी म्हटलं, ताणा.
"काय?"
ताण्यातली एक तार तुटली म्हणून चादर फाटत नाही.
"हां. पण सगळ्या तारा एकाच रंगाच्या आहेत, पिन्नी.
रंग उतरला तर सगळ्यांचाच उतरेल."
बहिणीचं पोर, मागावर कधी बसलं नाही,
पण रक्त आहे.

खातं उघडताना विचारलं: आईचं माहेरचं आडनाव?
म्हणे गुप्त प्रश्न.
साखर पेठेत आमच्या गल्लीतल्या
विडी वळणाऱ्या प्रत्येक बाईला ते पाठ होतं.
नळावरच्या भांडणात आई तेच तर ओरडायची,
"मी कोंडांची लेक आहे!"
मी खोटं लिहिलं.
आई जाऊन नऊ वर्षं झाल्यावर
तिला नवं माहेर दिलं.
कोणतं, ते सांगणार नाही.

मार्चमध्ये परदेशात कुठल्याशा इस्पितळाची
सगळी यंत्रं कुणी गोठवून टाकली.
ऑपरेशनं थांबली. माझा गठ्ठा साडेतीन टक्के वर.
मी डब्यातली कडक भाकरी मोडत होते,
शेंगाचटणीवर दही, आणि फोनवर हिरवा आकडा.
घास थांबला, खरं सांगते.
मग गिळला.
तिरडीचं सामान विकणारा मल्लय्या
गावात साथ आली की देवळात जाऊन उपाशी बसायचा,
दुकान उघडं ठेवून.
आम्ही पोरं त्याला ढोंगी म्हणायचो.

पुढच्या दिवाळीपर्यंत आकडा उतरला,
चढला होता त्याहून खाली.
चोऱ्या कमी झाल्या म्हणून नव्हे.
साईकिरण म्हणतो, भाव आधीच फार होता,
भीती महागात घेतली आपण.
महिन्याचे तीन हजार चालूच आहेत.
त्यांचे अकरा लाख चाळीस हजार कधी होतील
तो हिशेब मी केलाय, शेठना दाखवला नाही;
माझी निवृत्ती त्यात मध्येच येते.

गेल्या मंगळवारी पुन्हा मेल आला:
आमची बँक बदलली आहे.
पत्ता मी आता उलटा वाचते, शेवटाकडून,
एकेका अक्षरावर बोट ठेवून,
अण्णा घडी घालायच्या आधी
चादर उलटी करून बघायचे तसा.
एम होता. खरा, तीन पायांचा.
तरी जुन्या डायरीतला नंबर काढून फोन लावला.
तिकडे सकाळ असावी.
रिंग वाजत राहिली,
मी धरून राहिले.