शेऱ्याचा रंग

बंदी उठायला नऊ दिवस.
नवाबागच्या वाळूत होड्या पालथ्या,
खिडकीतून टर्पेंटाइनचा वास,
आणि माझ्या पडद्यावर परवा रात्रीपासून
रंगांची भांडणं.

राखीव शब्द जांभळे केले, आमसुलाच्या पाण्याइतके.
बरे दिसले.
अवतरणांतला मजकूर हिरवा केला, तर
फंक्शनांची नावं त्याच्यात विरघळली.
आकडे केशरी. कंसांना मात्र कुणी वालीच नाही,
एखादा उघडा राहिला की शोधता शोधता
चहावर साय धरते.

पण खरा घोळ शेऱ्यांचा.
दोन तिरक्या रेघांनंतर
माणूस माणसासाठी जे लिहितो,
जे यंत्र वाचतच नाही,
त्याला थीम करणाऱ्यानं दिला होता
काळ्याच्या शेजारचा राखाडी:
पाच-सी-सहा-तीन-सात-शून्य.
शोभून दिसतो.
वाचता येत नाही.

सकाळी पाय मोकळे करायला खाली उतरले.
बाबी गिरप डबा ढवळत होता.
म्हटलं, यंदा निळी करा ना, छान दिसेल.
त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.
"दर्याच्या रंगाची होडी रंगवची नाय गे बाय.
उलाटली तर गावची नाय."
मग नारिंगी पट्टा ओढला एका श्वासात,
आणि पार धक्क्यापर्यंत चालत जाऊन
वळला,
डोळे बारीक करून
बघत राहिला आपलंच काम.

वर आले. राखाडी काढून टाकला.
त्याचा तो नारिंगी नव्हे, जरा विटका,
वाळलेल्या सोड्यांसारखा, एवढाच घातला.
तपासायला म्हणून एक जुनी फाइल उघडली
आणि दाराशी जाऊन उभी राहिले,
डोळे बारीक करून.

हजारभर ओळींच्या काळोखात
एकच ओळ लांबून दिसत होती.
माझ्याच हातची. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चातली.

// तात्पुरतं आहे. उद्या नीट करते.

किती वेळा गेले असेन तिच्यावरून,
खालच्या ओळीत काही जोडायला,
वरच्या ओळीतलं काही काढायला.
ती तिथंच होती, बुडून,
माझ्याच आवडत्या रंगात.

चारच्या सुमारास खालून हाक आली:
"पयलो हात सुकलो गे,
दुसरो आजच मारतंय!"

मी रंग जतन केला.
ओळ अजून तशीच आहे.