साचा

गावाचं नाव हाले, नदीचं नाव झाले.
नवी होते तेव्हा हसले होते एकटीच:
एक हलणारं, एक होऊन गेलेलं.

योर्डिसच्या कार्यशाळेत मी प्लास्टर कालवते.
आज आल्मुट आली आहे. वय एकसष्ट. गोळाफेक.
स्टुलावर उघड्या पाठीने बसली आहे, हीटरकडे तोंड करून.
मी व्हॅसलीन लावते.
एका खांद्याला माझे दोन्ही तळवे लागतात.

"गार आहे," ती म्हणते.
आवाज तळघरातून आल्यासारखा.
फोनवर लोक तिला अजून 'साहेब' म्हणतात.
ती दुरुस्त करत नाही.

निळी गोळी. सोळाव्या वर्षापासून, सरावाआधी.
ब्रेटश्नायडर सर म्हणायचे, जीवनसत्त्व.
तीर्थ घ्यावं तसा उजवा हात पुढे...
नाही, ही उपमा माझी.
ती एवढंच म्हणाली:
"मी आभार मानायचे. रोज."

प्लास्टर घट्ट होताना तापतं.
आधी सांगायला हवं होतं, विसरले.
ती दचकली नाही.
"असंच व्हायचं. आतून.
मार्चमध्ये मिशी फुटली,
ऑगस्टमध्ये पदक."

कवच सुटलं तेव्हा पाठीची लवही आली सोबत.
आत सगळं उलटं:
तिळाच्या जागी खळगा,
शस्त्रक्रियेची खाच उंचवटा झालेली.
योर्डिस ब्राँझचा हिशेब मांडत होती.
आल्मुट साच्यात वाकून बघत राहिली,
विहिरीत पडलेलं भांडं शोधावं तशी.
मग म्हणाली,
"काही ओतू नकोस.
ओतून झालंय एकदा.
हेच ठेव."

संध्याकाळी बादल्या धुतल्या.
पुलावर थांबले जरा.
खाली झाले वाहत होती,
झालेली नव्हती अजून.

प्रदर्शनात साचा तारेने टांगला,
उघडी बाजू लोकांकडे.
पाटीवर नाव नाही, नुसतं वजन:
एकोणीस किलो, रिकामा.
आल्मुट कोपऱ्यात, राखाडी कोट, सफरचंदाचा रस.

फेन्या नावाची एक शाळकरी पोर
रखवालदाराची नजर चुकवून
पाठमोरी आत शिरली, खांदे सरकवून पाहिले.
"सैल होतंय," म्हणाली हिरमुसून.

आल्मुट हसली.
कोण पुरुष हसला म्हणून
साऱ्या माना वळल्या.

"होऊ दे," ती म्हणाली.
"सैलच बरं."