किलोच्या भावाने

बुधवारी नवा माल येतो.
दार आठला उघडतं, आम्ही सातपासून उभ्या,
हातात घडी घातलेल्या पिशव्या,
कुणी कुणाशी बोलत नाही.
त्या दिवशी किलोला पंच्याऐंशी झ्लॉटी.
मग भाव रोज थोडा उतरतो,
पुढच्या मंगळवारी दहा.
तोवर दम धरायचा की नाही,
एवढाच आमचा जुगार.

हे वुच. शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या गिरण्यांखाली पुरलेल्या.
मी ट्राम चालवते.
सुटीला चिंध्या उपसते.
चिंध्या हा माझ्या आधीच्या नवऱ्याचा शब्द,
जाताना तो एवढाच विसरून गेला.

डोळ्यांचं इथे काम नाही.
ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा
आणि बोटांना विचारायचं.
नायलॉन निसटतं, उसने पैसे घेतलेल्या माणसासारखं.
लोकर थांबते.
मग चेनचे दात बघायचे, धातूचे की कसले,
मग अस्तर उलटं करून
कुणी कुठे किती माया सोडली होती ते,
आणि शेवटी, कुणाचं लक्ष नसताना, वास:
डांबरगोळ्या, तंबाखू,
एखादं कपाट, जे किल्ली हरवल्यावर फोडावं लागलं.

वात्सवाफ म्हणून एक म्हातारा येतो.
त्याला रेल्वेच्या वर्दीची बटणंच हवीत.
अख्खा कोट विकत घेतो, दारातच बटणं कापतो
आणि कोट परत ढिगात टाकून जातो.
मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

तो कोट मला शुक्रवारी सापडला.
शेवाळी हिरवा, रुंद कॉलर, काजं हाताने केलेली.
भाव बावन्न.
मी तो पडद्यांच्या ढिगाखाली दडपला
(हे सगळ्याच करतात, कबूल कुणी करत नाही)
आणि तीन रात्री धड झोपले नाही.
सोमवारी पंचवीस झाला.
मंगळवारची हिंमत नव्हती.
तराजूत एक किलो नऊशे.

खिशात पितळी बिल्ला निघाला,
हाम्बुर्गच्या कुठल्याशा नाट्यगृहाचा, चौऱ्याऐंशी नंबर.
म्हणजे कुणीतरी नाटक अर्धं टाकून
कोट न घेताच निघालं होतं का? नाही,
मग कोट इथवर आला कसा.
बिल्लाच परत द्यायचा राहिला असणार.
मी मात्र सांगत सुटले:
साठ सालचा आहे, बघा, साठ सालचा.

गेल्या रविवारी ट्रामच्या थांब्यावर
एका बाईंनी न विचारता माझी कॉलर धरली.
चष्मा कपाळावर सारून काज जवळून पाहिलं,
अंगठ्याने चाचपलं.
"शेवटचा टाका उलटा आहे," त्या म्हणाल्या.
"मी घ्यायचे तसा. त्याने उसवत नाही."
नाव गेनोवेफा.
"साठ कुठलं, बाई! त्र्याऐंशी.
जुना नमुना परत काढला होता.
नव्या नमुन्याला कापड जास्त लागायचं."

माझं साठ साल
थांब्यावरच्या चिखलात गेलं.

"घालून बघता?" मी विचारलं.
दिवसाला दोनशे काजं केली होती त्यांनी,
आणि कोट सगळे पेट्यांत भरून परदेशी जायचे.
अंगावर एकही नाही. कधीच नाही.
त्यांनी स्वतःचं जाकीट माझ्या हातात दिलं,
बाह्या चढवल्या, खालून वरपर्यंत बटणं लावली,
औषधांच्या दुकानाच्या काचेत एकदा वळून पाहिलं.
मी कौतुकाची वाट पाहत होते.

"बगलेत आवळतो," त्या म्हणाल्या.
"तेव्हाही सांगितलं होतं आम्ही.
ऐकतंय कोण."

तेवढ्यात अकरा नंबर आली, दार उघडलं.
त्या बटणं काढू लागल्या, वरून खाली,
प्रत्येक काजापाशी जरा थांबत, जरा ओढून बघत.
आतून येझीने घंटा वाजवली, मग पुन्हा वाजवली.
वेळापत्रक मला पाठ आहे,
एका मिनिटाच्या उशिराचा जाब कोण विचारतं, तेही.

मी हात वर केला
आणि ट्राम थांबवून धरली.