पंचवीस अंशांवर

कागदावर लिहिलं होतं: दहा वर्षं.
पाच लाख वेळा भरा, पाच लाख वेळा रिकामं करा.
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
पंचवीस अंशांवर.

तारामुंबरीत पंचवीस अंश
माघातल्या पहाटे घटकाभर येतात,
एरवी बँकेत, मॅनेजरच्या खोलीत.
धक्क्याच्या टोकावरच्या पेटीत
एप्रिलच्या दुपारी मी थर्मामीटर ठेवला.
एकसष्ट.
पत्र्यावर बोट टेकवत नव्हतं.

चौथ्याच वर्षी भिवा तारी दारात आले,
चपला न काढता म्हणाले,
"तुजो दिवो तीन वाजताच डोळो मिटता गे.
पयलो तांबडा फुटासर जागो रवायचो."

मीच सांगितलं होतं त्यांना,
बॅटरी नको काका, दोन पावसाळ्यांत बसते.
हा सुपरकॅपॅसिटर. ह्याला मरण नाही.

पेटी उघडली. सहा नळकांडी, एका माळेत.
तोल राखणारी पट्टी खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली,
म्हणून पाच जण सव्वादोन व्होल्टवर निवांत
आणि पाचव्या जागेवरचा एकटा तीन व्होल्ट पेलत होता.
डोकं फुगलेलं,
रबराच्या कडेला ओला डाग,
गोडसर वास. मी तोंड वाऱ्याकडे फिरवलं.

बॅटरीसारखं हे एका रात्रीत जात नाही.
दरवर्षी थोडं कमी धरतं,
देताना थोडं जास्त कुरकुरतं.
वीस टक्के गळलं की कागद म्हणतो, संपलं.
संपलेलं तरी जळतंच,
तीन वाजेपर्यंत.

आता सात लावलेत. सहांचं ओझं सातांत.
पेटीला पांढरा रंग, पॅनेलच्या सावलीत जागा,
नव्या पट्टीवर वार्निशचे दोन हात.
भिवाकाका होडीच्या काठावर बसून बघत होते.
"आता किती वर्सां?"
आकडा जिभेवर आला होता, गिळला.
टेपवर तारीख लिहिली.
म्हटलं, दर अवसेला येऊन मोजीन.
"म्हणजे तुका पण म्हायत नाय."
नाही.

उरलेले पाच फेकवेनात.
त्यांच्या खळ्यात, सुकत घातलेल्या बांगड्यांवर
मांजरांसाठी एक बारीक दिवा टांगलाय,
तो त्यांच्यावर चालतो,
कागदाच्या हिशेबानं मेलेल्यांवर.
काल साडेतीनला जाग आली,
खिडकीतून बघितलं.
होता.